आवाज नसलेला जावई

रविवारी चर्चला जायच्या आधी सिफुनानं मोटरसायकलच्या चेनला तेल दिलं आणि सोमवारी सकाळी तो थेट सासूच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. घडलं ते एवढंच. पण केनियातल्या आमच्या च्वेले गावात जावयानं सासूच्या तोंडासमोर जाणं म्हणजे भर बाजारात पँट सुटण्यासारखं आहे. जावई दिसला की सासू मक्यात शिरते, सासू दिसली की जावई पाठ फिरवतो, आणि दोघं आयुष्यभर एकमेकांचा मान असा राखतात.

सिफुनाची गाडी बॅटरीवर चालणारी. पेट्रोलची विकून त्यानं ती आणली तेव्हा अख्खा बाजार वाकून वाकून इंजिन शोधत होता. धूर नाही, फटफट नाही, किक नाही. मीही बघायला गेलो आणि तोंड उघडंच ठेवून घरी आलो. चार महिन्यांत मात्र चेन कोरडी पडली आणि किर्र-किर्र करायला लागली. बाजाराचा रस्ता सासूबाईंच्या कुंपणाला घासून जातो. नासांबूबाई त्या किरकिरीवरूनच जावयाला दोन शेतं आधी ओळखायच्या आणि वळणावरच्या केळीमागे जायच्या. सगळं सुरळीत चाललं होतं.

“अरे, त्या चेनच्या घशात काहीतरी ओत,” त्याची बायको नालियाका एक दिवस म्हणाली. “ऐकून माझ्या दातांत कळ येते.”

सिफुना कामाला चोख. त्यानं चावी काढून खिशात टाकली, गाडी स्टँडवर चढवली, जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून चेनची एकेक कडी घासली, फडक्यानं पुसली आणि हातानं चाक फिरवत थेंब-थेंब तेल सोडलं. शेवटी चेन मधोमध दाबून पाहिली. दोन बोटं हलली पाहिजे, जास्त नको आणि कमीही नको. हलली बरोबर दोन बोटं.

सोमवारी सिफुनाचं रोजचं गिऱ्हाईक, वन्यामा मास्तर, शाळेत जायला मागे बसले. गाडी निघाली आणि दोघांच्याही अंगावर काटा आला. टायरखाली मुरूम चुरचुरत होता, तेवढाच काय तो आवाज. ओढ्यातली बेडकं ऐकू येत होती, कुणाच्या तरी चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली घोटणारी लाकडी पळीसुद्धा ऐकू येत होती. मास्तरांनी टोपी काढून छातीशी धरली.

“सिफुना, आपण चाललोय ना?”

“चाललोय की, मास्तर.”

“मग ठीक. मला वाटलं, गेलो.”

आणि वळणावर, हातभर अंतरावर, पाण्याचा डबा घेतलेल्या नासांबूबाई! डोळ्याला डोळा भिडला. बाईंनी डबा टाकून पदर शोधावा तसा डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला. सिफुनानं मान फिरवली, मानेबरोबर गाडीही फिरली, आणि मास्तर टोपीसकट चरात उतरले.

मंगळवारी पुन्हा तेच. तेच वळण, त्याच सासूबाई, तेच डोळे. बुधवारी नालियाकाची मावशी बाजारात भेटली आणि निरोप देऊन गेली, “आईला तुझ्या नवऱ्याच्या गाडीबद्दल बोलायचंय.”

नालियाकाच्या तोंडचं पाणी पळालं. तिला सातवा महिना होता. “आता मला माहेरी बोलावून घेतील. असल्या बिनलाजेच्या जावयाकडे लेक कोण ठेवील?”

“मी मुद्दाम केलं का?”

“मुद्दाम नाही केलंस म्हणून कुणी विचारणार आहे? तिसऱ्यांदा आईला दिसलास तर मी हे बांधून ठेवलेलं बोचकं सोडणार नाही, सांगून ठेवते.”

सिफुना तडक मकोखाकडे गेला. मकोखा बाजारात रेडिओ दुरुस्त करतो आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही देतो. “भोंगा बसवू,” तो म्हणाला. “पण तुझी बॅटरी बहात्तर व्होल्टची, भोंगा बाराचा. सरळ जोडला तर भोंगा एकदाच वाजेल आणि वरती जाईल. मधे कन्व्हर्टर पाहिजे, फ्यूज पाहिजे.” इथवर तो शंभर टक्के बरोबर होता. मग त्यानं भोंग्याची वायर ब्रेकच्या दिव्याच्या वायरला जोडून टाकली. “वळणावर ब्रेक दाबतोसच ना? आपोआप वाजेल.”

वाजला. वळणावर वाजला, उतारावर वाजला, पुलावर वाजला, प्रार्थना चालू असताना चर्चच्या दारात वाजला. बाजारात तर एक गाढव टोमॅटोंवरून चालत गेलं.

“आणि सासूबाईंनी ऐकलाच नाही तर?” सिफुनाच्या मनातली धाकधूक काही जाईना.

“मग दिवे लावू,” मकोखा म्हणाला. निळे दिवे लागले. दिव्यांसोबत स्पीकर आला. सगळ्या वायरी त्यानं ट्यूबच्या रबरी पट्टीनं चाकाशेजारी आवळून बांधल्या. पण बायकोच्या दातांत पुन्हा कळ नको म्हणून सिफुना आता रोज सकाळी चेनला भक्तीनं तेल देत होता. तेल उडून पट्टीवर बसलं, पट्टी इंच-इंच सरकत राहिली, आणि पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बरोबर त्या वळणावर वायर चेनमध्ये गेली. चेन उतरली. चाक जाम झालं. वायरी एकमेकींना चिकटल्या आणि भोंगा सुरू झाला तो थांबेचना.

केळीपलीकडून नासांबूबाई गाईची दोरी धरून बाहेर आल्या.

सिफुनाच्या अंगात होता-नव्हता तेवढा जीव बोटांत गोळा झाला. त्यानं डोक्यावरून जॅकेट ओढलं, चाचपडत फ्यूज शोधला आणि उपटला. एकदम शांतता. बाई पाठमोऱ्या झाल्या आणि गाईच्या कानाशी, पण पलीकडच्या टेकडीलाही कळेल अशा आवाजात बोलल्या.

“गाई गं, ह्या माणसाला विचार, ही जत्रा कशासाठी?”

“गाई,” जॅकेटातून आवाज आला, “त्यांना सांग, जावई चुकला. पुन्हा समोर येऊ नये, लांबूनच कळावं, म्हणून हे बसवलं. नालियाकाला तेवढं परत नेऊ नका म्हणावं.”

गाय रवंथ करत राहिली.

“लेकीला कोण नेतंय?” बाई गाईवर डाफरल्या. “म्हणावं, सोमवारी मी पाण्याला निघाले होते. गाडी आली, वर दोन माणसं आली आणि आवाज आलाच नाही! साठ पावसाळे बघितले मी, असं कधी बघितलं नाही. देव यायचा तर असाच येईल, असं वाटलं मला. म्हणून मंगळवारी मुद्दाम आले. केळीमागेच उभी राहणार होते, पण ही गाडी कधी आली तेच कळत नाही ना! निरोप धाडला तो एवढंच सांगायला की, उद्यापासून जरा हळू जा, मला नीट ऐकू दे. तर ह्या शहाण्यानं तिच्या गळ्यात बँड बांधला!”

जॅकेटाच्या आत सिफुना रडत होता की हसत होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं वायरी सोडवल्या आणि न बघताच चेन दात्यांवर बसवायला घेतली.

“गाई, सांग त्याला, फार ताणू नकोस. बैलाच्या गळ्यातला पट्टासुद्धा दोन बोटं ढिला ठेवतात.”

“दोनच ठेवतोय, गाई.”

मग बाईंनी गाईच्या गळ्यातली घंटा सोडली आणि कुंपणाला अडकवली. “गाई, म्हणावं, ही एकदा वाजली म्हणजे मी आडोशाला गेले. मग तू ये. आणि हे दिवे-बिवे माझ्या नातवाच्या पाळण्याला लाव.”

संध्याकाळी मकोखानं तोंड पाडून सगळं काढून घेतलं, फक्त निळे दिवे सिफुनानं घरी नेले. नालियाकानं बोचकं सोडलं.

सोमवारी वन्यामा मास्तर मागे बसले. वळणाआधी गाडी थांबली. घंटा वाजली, एकदा. सिफुनानं तोंड मक्याकडे वळवलं आणि पायी चालावं इतकी हळू गाडी केळीजवळून नेली. मुरूम चुरचुरला. केळीची पानं हलली नाहीत. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून धरला होता, तो सोडलेलासुद्धा ऐकू आला.

वळण संपलं, आणि मागे घंटा वाजली. दोनदा.

सिफुनानं गाडी वळवली.

“अरे, शाळा इकडे!” मास्तर ओरडले. “काही राहिलं का?”

“सासूबाईंचं पोट भरलं नाही, मास्तर. पुन्हा एकदा म्हणताहेत.”

मास्तरांनी घड्याळ पाहिलं, शाळेच्या दिशेला पाहिलं, आणि टोपी काढून छातीशी धरली.