काळी खुंटी

कपडे धुण्याच्या त्या कारखान्यात इस्त्रीवर असलेल्या गृहस्थांना सगळे ‘पाळकसाहेब’ म्हणत. चर्चने त्यांना असला काही मान दिला नव्हता. उपदेश करून करून तो त्यांनी स्वतःच ओढवून घेतला होता. कोणाचं काही बिनसलं की ते खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “काळजी कशाला? प्रभू बघतोय ना.” एवढं बोलून त्यांना फार बरं वाटायचं. समोरच्याला कसं वाटलं, हे विचारायला ते थांबत नसत.

त्या दिवशी ते लेकीचा लग्नाचा पांढरा झगा घेऊन कामावर आले. लग्न दुसऱ्या दिवशी होतं आणि झग्याच्या चुण्या घरच्या इस्त्रीला दाद देत नव्हत्या. सोबत त्यांचा स्वतःचा पांढरा शर्टही होता; कारखान्याचं काम आधी, म्हणून या दोन्हींना जेवणानंतर इस्त्री करायची होती. वाफेची इस्त्री तापेपर्यंत डोळे मिटून प्रार्थना करायची, हा त्यांचा रोजचा नेम. त्या दिवशी डोळे जरा लवकरच मिटले आणि दोन्ही कपडे काळ्या खुंटीवर टांगले गेले.

काळी खुंटी म्हणजे तिथला कायदा होता. ज्या कपड्याचा डाग कशानेच निघत नाही तो तिथे लटकवायचा आणि दुपारी रंगारीणबाईंनी तो काळ्या रंगात बुडवायचा. कोणी कोणाला विचारायचं नाही.

पण रंगारीणबाईंचा जीव जात्याच धास्तावलेला. झगा बघून त्या लगबगीने इस्त्रीपाशी आल्या.

“पाळकसाहेब, खुंटीवर ते...”

“बाई, चेहरा किती उतरलाय तुमचा! झोप लागली नाही का?”

“झोपेचं नाही हो. तो कपडा...”

“सगळं त्याच्यावर सोपवा.” पाळकसाहेबांनी छताकडे बोट दाखवलं. “रानातल्या फुलांना कोण नटवतं, सांगा बरं?”

“फुलांचं मला काय ठाऊक? मी कपड्यांचं विचारतेय.”

“तेच तर. जा, शांत मनाने काम करा.”

जेवायच्या वेळी बाई पुन्हा आल्या, तर हे डबा पुढ्यात घेऊन प्रार्थनेत. बाईंना शांती लाभावी म्हणून त्यांनी प्रार्थना मुद्दाम लांबवली होती. बाई ताटकळल्या आणि निघून गेल्या.

जेवण उरकून पाळकसाहेब झगा घ्यायला वळले. खुंटी रिकामी होती. तेव्हा कुठे ती कुठली खुंटी हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते रंगाच्या खोलीकडे धावले. हौदात काळंभोर पाणी उकळत होतं. त्यातून एक बाही वर आली आणि पुन्हा बुडाली.

ते साबणाच्या पोत्यावर मटकन बसले. “प्रभू, तू बघतोयस ना?” जन्मात पहिल्यांदाच त्यांनी हे प्रश्न म्हणून विचारलं.

आणि नको ते आठवलं. आदल्या संध्याकाळी ते बूट पुसत असताना लेक दारात येऊन म्हणाली होती, “बाबा, मला भीती वाटतेय.” “प्रार्थना कर, सगळं ठीक होईल,” असं म्हणून त्यांनी दुसरा बूट हातात घेतला होता. ती थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली. कसली भीती, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांना झग्याहून त्याचंच जास्त वाईट वाटलं.

“इथे काय बसलात?” कोपरापर्यंत काळे हातमोजे घातलेल्या रंगारीणबाई दारात उभ्या होत्या. “झगा माझ्या कपाटात आहे. माझं मन काही धजेना.”

पाळकसाहेबांना रडू फुटलं. “बाई, त्यानेच पाठवलं हो तुम्हाला.”

“सकाळीच पाठवलं होतं. तुम्हीच ऐकून घेतलं नाहीत.”

पाळकसाहेबांनी हौदाकडे पाहिलं. “मग हौदात काय आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुमचा शर्ट. त्याचंच विचारायला दुपारी आले, तर तुमचे डोळे काही उघडेनात.”

पाळकसाहेबांनी नाक पुसलं आणि घरी फोन लावला. लेकीनेच उचलला.

“अगं, काल तू म्हणत होतीस ना, भीती वाटतेय म्हणून...”

“हो बाबा,” ती घाईने म्हणाली. “केली मी प्रार्थना.”

“ते राहू दे,” पाळकसाहेब म्हणाले. “कसली भीती, ते सांग.”

पलीकडे तिने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. त्यांच्या तोंडाशी एक छानसा उपदेश आला होता. तो गिळून ते मुकाट्याने थांबले.