जहाजात सैपाक कोण करत होतं?

नागपूरच्या सदर भागातल्या टॉकीजमधून इंग्रजी सिनेमा सुटला, की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अडवून आमचे गुलाबराव एकच प्रश्न विचारत, "काहो, त्या जहाजात सैपाक कोण करत होतं?"

जहाज पाण्यातलं नव्हे, आकाशातलं. एका जुन्या, नावाजलेल्या विज्ञानकथेचे दोन जाडजूड खंड होते, त्यावरून हा सिनेमा काढला होता. नागपुरात टीव्ही यायच्या आधीचे दिवस. असा सिनेमा आला की अर्धं गाव तो पाहून यायचं आणि उरलेलं अर्धं न पाहताच मत द्यायचं. यंत्रमाणूस खरा की आत कुणी बसलेलं, यावर पानठेल्यावर हमरीतुमरी व्हायची. सैपाकाची काळजी मात्र अख्ख्या शहरात एकट्या गुलाबरावांना होती.

गुलाबराव आमच्या कचेरीत आवक-जावक कारकून. माझं टेबल त्यांच्या शेजारी आणि घरही त्यांच्याच गल्लीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क माझा. कागदावर नंबर पडल्याशिवाय तो कागद जगात आला, हे त्यांना मान्यच नसे. मी रजेवरून परतलो की "झाली का आवक तुमची?" असं स्वागत व्हायचं. सिनेमाचे अभिप्रायही ते एका वहीत नंबर टाकून लिहून घेत.

ती वही मी पाहिली आहे. क्रमांक सात, कन्हानचा खाणकामगार: 'एवढा बोगदा खणला, पण टेकू एकही नाही. दोन दिवसांत खाली येईल.' क्रमांक अकरा, एक शिक्षिका: 'बारा वर्षं आकाशात उडूनही नटीचा एक केस हलला नाही.' क्रमांक चौदा, कॉलेजचा विद्यार्थी: 'फर्स्ट क्लास.' क्रमांक पंधरा, त्याचे वडील: 'हॉल थंड होता. झोप छान लागली.' आणि प्रत्येकापुढे, शेवटच्या रकान्यात, लाल शाईनं एकच नोंद: सैपाकी – दिसला नाही.

आता या सैपाक्याची भानगड सांगतो. गुलाबराव मूळचे भिवापूरचे. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झाले आणि त्या रागापायी डिक्शनरी घेऊन इंग्रजी शिकले. कचेरीच्या वाचनालयात त्यांना ते दोन खंड सापडले. घरी दोघंच, ते आणि सरजावहिनी. मूलबाळ नाही, त्यामुळे संध्याकाळ सरता सरत नसे. गावाकडच्या वाट्याच्या मिरच्यांचं पोतं यायचं, वहिनी देठ खुडत बसायच्या आणि गुलाबराव एकेक पान वाचून त्यांना आपल्या बोलीत सांगायचे.

पहिल्याच दिवशी जहाज उडालं. बारा वर्षांचा प्रवास. वहिनींचा हात थांबला.

"बारा वर्सं? अन् सैपाक कोण करते?"

गुलाबरावांनी दोन पानं पुढं उलटली, दोन मागं उलटली आणि म्हणाले, "आहे ना वं! सैपाकी आहे सोबत."

तेव्हापासून त्या सैपाक्याला उसंत म्हणून मिळाली नाही. तो आकाशात पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा करी. एका ग्रहावरच्या तीन डोळ्यांच्या लोकांना त्यानं तो वाढला, तर त्यांच्या तिन्ही डोळ्यांतून पाणी आलं, पण ताट चाटूनपुसून साफ. कप्तान आणि शास्त्रज्ञ यांचं भांडण पेटलं, तेव्हा दोघांना एका ताटात जेवायला बसवलं ते त्यानंच. दोन्ही खंड संपले की गुलाबराव पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. वर्षानुवर्षं हे चाललं. आमच्या गल्लीत कप्तानाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, सैपाकी सगळ्यांना ठाऊक होता.

आणि मग सिनेमा आला. आयुष्यात तीनच सिनेमे पाहिलेल्या वहिनी म्हणाल्या, "मले सैपाकी पाहाचा आहे."

गुलाबराव आधी एकटेच पाहून आले आणि चेहरा पाडून परतले. सिनेमातले लोक गोळ्या खात होते. रोज एक पिवळी गोळी, झालं जेवण. घरी त्यांनी "गर्दी गंज आहे, पुढच्या हप्त्यात जाऊ" असं सांगून वेळ मारून नेली. त्यात कचेरीत साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "गुलाबराव, ती पुस्तकं मी कॉलेजात वाचली आहेत. त्यात स्वयंपाकी-बियंपाकी कुणी नाही." सगळे हसले, मीही हसलो. गुलाबरावांनी त्या दिवशी एकाच कागदावर दोनदा नंबर टाकला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

चहाला ते मला म्हणाले, "लोक हसले तं हसू द्या. पण सरजा काय म्हणन? ह्या माणसानं इतकी वर्सं मले फसवलं, असंच म्हणन ना? माह्या नजरेतून सुटला असन तो. एकाले जरी ओझरता दिसला असन, तं मी तिले हिमतीनं घेऊन जातो."

म्हणून ती वही आणि म्हणून तो प्रश्न. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

चाळीस जणांना विचारून झालं. सिनेमाच्या शेवटच्या दिवशी वहिनी जरीकाठी लुगडं नेसून माझ्या दारात उभ्या राहिल्या. "भाऊजी, तुमी नेता का मी एकटीच जाऊ?"

आम्ही तिघं गेलो. गुलाबरावांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते अख्खा वेळ वहिनींच्या तोंडाकडे पाहत होते. पिवळ्या गोळ्या आल्या, वहिनी "अगं माय" म्हणाल्या आणि गुलाबरावांनी मान खाली घातली.

बाहेर आलो. सवयीनं त्यांनी वही उघडली आणि न विचारताच पुन्हा मिटायला घेतली. वहिनीच म्हणाल्या, तेही खणखणीत आवाजात, "लिवा! ह्या सिनेमावाल्यायनं पुस्तक धड वाचलंच नाही. सैपाकी गायब करून टाकला. गोळ्या खाऊन माणसं बारा वर्सं एकमेकायसंग राह्यतीन काय? काहून भांडून राहिले होते सारे? जेवले नाही म्हणून!"

पाचपन्नास माणसं थबकली. एका पोरानं विचारलं, "काकी, तुम्ही पुस्तक वाचलं?"

"मी कायले? आमच्या घरच्यायनं वाचलं," वहिनी म्हणाल्या. "इंग्रजीतून!"

पोरगा गुलाबरावांकडे आदरानं पाहू लागला. गुलाबरावांची छाती अशी फुगली, की मला त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटली. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही अभिमान वाटला, की हा माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. ते ऐटीत रिक्षा आणायला गेले.

मी हळूच म्हटलं, "वहिनी, साहेब म्हणत होते की पुस्तकात..."

"मले काय समजत नाही, भाऊजी?" वहिनी हसल्या. "इंग्रज कधी पाटोडी करन काय? अन् त्याच्या रश्शात खसखस किती, तिखट किती, सारं माह्याच हातचं. तो सैपाकी मीच आहे ना! पहिल्याच दिवशी समजलं मले. कोण्या नवऱ्यानं आपल्या बायकोले इतकी वर्सं आभायात फिरवलं, सांगा बरं? पण त्यायले नका सांगू. त्यायले वाटते, मले माईत नाही."

तेवढ्यात रिक्षा आली. "काय म्हणत होती?" गुलाबरावांनी विचारलं.

"सैपाकी पाहिजे होता म्हणत होत्या."

"मी म्हणतच होतो!" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते टपाल घेऊन साहेबांकडे गेले असताना मी वही उघडली. क्रमांक एकेचाळीस, सरजाबाई, मुक्काम भिवापूर, हल्ली नागपूर. अभिप्राय शब्दन् शब्द उतरवलेला. आणि शेवटच्या रकान्यात, लाल शाईनं, नेहमीपेक्षा ठळक अक्षरात: सैपाकी – दिसला.