अप्पांचा सामू

वैजिनाथअप्पा कुणाला ‘बरं आहे का’ असं विचारत नाहीत. ते विचारतात, “सामू किती?”

सामू म्हणजे मातीच्या तपासणीत येणारा आकडा. सात आला तर जमीन मधोमध, खाली घसरला तर आम्ल, वर गेला तर अल्कली. अप्पांची सगळी नोकरी माती तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर ते येडशीत आमच्या शेजारी राहायला आले आणि माती हाताशी नाही म्हणून माणसं तपासू लागले. माझ्या सासूबाई तापल्या की अप्पा भिंतीपलीकडून निकाल देतात, “आज चारच्या खाली हाय!” सासूबाईंना सामू कळत नाही, पण आपल्याविषयी चांगलं काही बोललं गेलेलं नाही, एवढं बरोबर कळतं.

अप्पांच्या चष्म्याच्या डबीत चष्मा नसतो. लाल लिटमस कागदाच्या पट्ट्या असतात. अल्कलीत बुडवली की पट्टी निळी होते, नाहीतर लालची लाल. आमची पाण्याची टाकी, माझा चहा, सासूबाईंचा काढा, सगळ्यांत ती बुडून झाली आहे. एका लग्नात तर त्यांनी पंगतीत बसून वरणात पट्टी बुडवली. वाढपी थांबला, शेजारचे दोघं घास हातात धरून थांबले आणि नवरीच्या बापाचा चेहरा पडला.

“काय निघालं वो अप्पा?”

“जरा आंबट हाय,” अप्पा म्हणाले, “पर मरण्याइतकं न्हाय.”

त्या पंगतीत वरण कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही.

इथवर सगळं गमतीत खपलं. मग गेल्या वर्षी अप्पांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन करून ती काढली, तरी पुन्हा उद्भवलीच तर वेळीच कळावी म्हणून बार्शीला तपासणीला जावं लागतं. अशात अप्पांच्या मोबाइलवर कुणीतरी ज्ञान पाठवलं: आम्ल असलेल्या शरीरात गाठी वाढतात, खाण्याचा सोडा प्या, शरीर अल्कली करा, गाठ जवळ फिरकत नाही. अप्पांना वाटलं, आपली सगळी नोकरी जणू याच दिवसासाठी झाली.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांचा उपाशीपोटी पेलाभर पाण्यात सोडा सुरू झाला. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. प्रत्येक पेल्यानंतर एक ढेकर यायचा. सकाळच्या ढेकराला मी दूध तापत ठेवायची, इतका तो वक्तशीर होता. मग अप्पा पट्टी घेऊन न्हाणीघरात जायचे आणि परीक्षेचा निकाल लागल्यासारखे ओरडत बाहेर यायचे, “निळी! निळी आली!” कशात बुडवून निळी आली, हे गल्लीला माहीत होतं. त्या दिवसांत अप्पांच्या हातचा पेढासुद्धा कुणी घेत नसे.

मी हुज्जत घातली नाही असं नाही. “अप्पा, अल्कली वाढून जमीन चोपण झाली की पीक येत नाही, असं तुम्हीच सांगता ना? मग माणूस चोपण झालेला कसा चालतो?”

“जिमिनीचं येगळं, माणसाचं येगळं.”

“मग कागद एकच कसा चालतो?”

अप्पांनी पट्ट्यांची डबी खटकन मिटली. “तुझा सामू लई उतरलाय, मंगल,” म्हणाले आणि घरात निघून गेले. असला हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि याच्यावर धड रागावताही येत नाही.

महिन्याभरात अप्पांचे पाय सुजले. चपला बसेनात, जिना चढताना धाप लागायला लागली. काकूंनी आणि मी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला खमक्या. रक्तदाब पाहून आणि काकूंकडून सोड्याचं, पट्टीचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

“अप्पा, सोड्यानं पोटातलं आम्ल घटकाभर मरतं, तेवढंच. रक्ताचा सामू फुप्फुसं आणि किडन्या सांभाळतात. जादा सोडा किडन्या लघवीतून बाहेर टाकतात, म्हणून पट्टी निळी होते. तुम्ही पित होता आणि शरीर फेकून देत होतं. फेकून उरलेला अंगात साठला. मिठात असतं तेच सोडियम सोड्यातही असतं, त्यानं अंगात पाणी धरलं आणि पाय सुजले.”

“आन् गाठ?” अप्पांनी विचारलं.

“सोड्यानं गाठ थांबत नाही. वेळेवर तपासणी करायची.” मग बाईंचा आवाज एकदम चढला. “हे काकूंनाही पाजलंत का?”

हा प्रश्न मला इतके दिवस सुचला नव्हता.

“न्हाय,” अप्पा म्हणाले. “येक थेंब न्हाय. रानात नवं खत टाकायचं तर आधी बांधाकडच्या कोपऱ्यात टाकून बघत्यात, बाई. कोपरा जळला तर जळला. सगळं रान कोण घालतंय धोक्यात?”

इतके दिवस मी ज्याला हसत होते, तो माणूस रोज स्वतःला पणाला लावत होता. वाटेत काकू त्यांना ‘येडं’ म्हणत आल्या होत्या. आता त्या पदर तोंडाला लावून बसल्या.

“मंग म्या काय करावं?” अप्पांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. “सोडा न्हाय, तर हिच्यासाठी म्या करायचं तरी काय?”

उत्तर काकूंनी दिलं. “परवा बार्शीला माज्यासंगं चला.”

आजवर प्रत्येक तपासणीला मीच गेले होते. तपासणीच्या दिवशी अप्पांना नेमका कुणाचा तरी बांध, कुणाची तरी विहीर बघायची असायची. मला वाटायचं, माणूस बेफिकीर आहे.

अप्पांनी सुजलेले पाय आत ओढून घेतले. मग मला हळूच विचारलं, “मंगल, तितं बाहिर बसाया जागा असती का गं?”

“बाहिर कशाला?” काकू म्हणाल्या. “आत यायचं. माज्या बाजूला बसायचं. मला बी भ्या वाटतंय की.”