कलम बारा: खिडकीतले गृहस्थ

जिना, लाकडी. तिसरी आणि सातवी पायरी करकरते. करकर मूळ आहे. तेल घालू नये.

“दोन दिवस. फक्त दोन दिवस पेपरला हात लावू नका. एवढंच मागतेय.”

वाचायचा चष्मा, नंबर अडीच.

एका पाहुण्याचा अभिप्राय, तीन वर्षांपूर्वीचा: ‘पाच तारे. खोल्या लहान, पण खिडकीतले काका अगदी खरेखुरे वाटतात.’

लग्नाला पंचवीस वर्षं झाली.

वरील बाबींचा परस्परांशी संबंध आहे, हे आम्हा पतिपत्नींना त्या घरात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता कळलं.

गाव संरक्षित होतं. म्हणजे तिथे काहीही दुरुस्त करायला बंदी होती. मुख्य रस्त्यातला खड्डा वारसा यादीत होता आणि लोकांनी तो बुजवू नये म्हणून त्याच्याभोवती कठडा होता. आमचं मुक्कामाचं घर दोन खोल्यांचं, न्याहारीसह. चालवणाऱ्या मावशी सत्तरीच्या. टीव्ही नाही, पेपर येत नाही, म्हणून बायकोने हेच घर निवडलं होतं. मी नोंदणी कार्यालयात वरिष्ठ लेखनिक आहे. मी पेपर उघडला की मला कोणाचं बोलणं ऐकू येत नाही, असा बायकोचा आरोप आहे. तो आरोप मी अजून पुरता ऐकलेला नाही.

उकडलेली अंडी टेबलावर ठेवता ठेवता मावशी थबकल्या.

“तुमचा चष्मा वाचायचा का हो?”

“हो. अडीच नंबर.”

“आमच्या ह्यांचाही अडीचच होता,” म्हणत त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी वारसा समितीची वही उघडली. अडतीस वर्षांपूर्वी समितीने फोटो काढून घराची यादी केली होती. कलम बारा: ‘पहिला मजला, रस्त्याकडील खिडकी. खिडकीत वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ, मग्न. दहा ते सूर्यास्त. जतन करावे.’

सदर गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले होते. समितीला कळवलेलं नव्हतं. आणि दहा वाजता पर्यवेक्षक पाहणीला येणार होते.

“एक वस्तू जरी कमी भरली तरी दारावरची वारशाची पाटी काढतात,” मावशी म्हणाल्या. “पाटी गेली की पाहुणे ठेवता येत नाहीत. मग मुलीकडे जायचं. तिच्याकडे लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, सगळं आहे. मला हॉलमधला सोफा आहे.”

मी बायकोकडे पाहिलं. ती विरघळली होती.

“दहा मिनिटं,” ती मला म्हणाली. “आणि वाचायचं नाही. नुसता धरायचा.”

पेपरही मूळचाच होता, फोटोतला. मावशींनी तो साडीच्या घडीतून काढून दिला.

पर्यवेक्षक तिसऱ्या पायरीवर दोनदा उभे राहिले, सातव्या पायरीवर एकदा. करकर समाधानकारक. मग त्यांनी फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला.

“मिशी दिसत नाही.”

“उन्हाने गेली असेल हो. खिडकी दक्षिणेकडची,” मावशी म्हणाल्या.

‘नैसर्गिक झीज’, त्यांनी लिहून घेतलं. “पण नोंदीत मग्न म्हटलंय. हे मग्न वाटत नाहीत.”

“मग्न?” बायको मावशींच्या मदतीला धावली. “साहेब, ह्यांच्याइतका मग्न माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही. अहो! अहो, ऐकलंत का?”

मी ऐकलं नव्हतं. अडतीस वर्षांपूर्वी कुठल्याशा पुलाचं काम रखडलं होतं आणि मी तिसऱ्या रकान्यात पोचलो होतो.

पर्यवेक्षकांनी शिक्का मारला.

“झालं ना? उठा आता,” बायको म्हणाली.

“उठून कसं चालेल?” पर्यवेक्षकांनी टोपण लावलं. “आता हे कलम बारा आहेत. जागचे हलवायचे तर अर्ज, ना-हरकत, नव्वद दिवस. उठले, तर पाटी गेली.”

“पाहुणे आहेत हो ते! उद्या दुपारी आम्हाला निघायचंय.”

“बाई, तो दरवाजासुद्धा दुसऱ्या घरातनं आणलाय. निघायचंय म्हणाला का कधी?”

बायको तडक समितीच्या कार्यालयात गेली. हलवायच्या वस्तूशी नातं काय, असं तिथल्या कारकुनाने विचारलं. तिने ‘बायको’ सांगितलं. त्याने यादी वरून खाली पाहिली.

“बायको नोंदीत नाही. खिडकीत दिसलात तर अतिक्रमण धरावं लागेल.”

म्हणून ती खाली रस्त्यावर उभी राहून माझ्याशी बोलली. तिच्या आजूबाजूला पर्यटक माझे फोटो काढत होते. एक बाई नवऱ्याला म्हणाली, “बघ ना, किती खरं वाटतं!” तो फोनमधून मान वर न काढता ‘हं’ म्हणाला.

“अहो, उठा!” माझी बायको ओरडली. “जाऊ दे ती पाटी. मावशींना आपल्याकडे घेऊन जाऊ. मागची खोली रिकामीच आहे. मी विचारलंय त्यांना. यायला तयार आहेत त्या!”

उपाय सोपा होता. नोंदणी कार्यालयात मी अशा सोप्या उपायांचे अर्ज नव्वद दिवस ठेवतो, लोकांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून.

“पद्धत असते गं एकेक,” मी वरून म्हणालो. “एवढं पान संपवतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता टॅक्सी आली. तीनदा हॉर्न वाजला. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. पुलाचं काम अजून रखडलेलंच होतं. चौथा हॉर्न रस्त्याच्या वळणावरून आला, असं वाटतं.

अकराव्या दिवसापासून मावशी चहा आणताना मला पाहुणे म्हणत नाहीत. “अहो, चहा,” म्हणतात. मी ‘हं’ म्हणतो.

तुम्ही हसा. हे वाचताना आतून तुम्हाला कोणी दोनदा हाक मारली असेल आणि ‘आलो, एवढं संपवतो’ असं तुम्ही मान वर न करता म्हणाला असाल, तर तसेच बसून राहा. पर्यवेक्षकांना नवीन घरांच्या नोंदी करायच्या आहेत.

कलम बाराचा फोटो काढला त्या दिवशी ते गृहस्थ मावशींचे कोणीही नव्हते. ते दोन रात्रींसाठी उतरलेले पाहुणे होते, आणि खाली टॅक्सी उभी होती.