दाराशी उभी राहिलेली दुनळी

वस्तूचा उपयोग जिथं संपतो, तिथून तिचा इतिहास सुरू होतो. चालत्या घड्याळाला कुणी विचारत नाही. बंद पडलं की ते आजोबांचं होतं. हा नियम भांड्यांना, वाद्यांना आणि काही अंशी निवृत्त पुढाऱ्यांनाही लागू आहे, पण बंदुकीला तो जितका चपखल बसतो तितका कशालाच नाही. उडणारी बंदूक म्हणजे हत्यार. तिला कागद लागतात, चौकशी लागते, शेजारी नाक मुरडतात. शंभराहून जास्त वर्षांची आणि न उडणारी बंदूक म्हणजे वारसा. तिला फक्त गिऱ्हाईक लागतं.

दक्षिण इंडियानातल्या ड्राय फोर्क गावच्या व्हर्लिन स्टोल्ट्झला हा नियम म्हातारपणापर्यंत ठाऊक नव्हता. त्यानं उभं आयुष्य लोकांचे फ्रीज दुरुस्त करण्यात घालवलं. पंचक्रोशीत त्याच्या शब्दाला मोल होतं. व्हर्लिन म्हणाला मेला, म्हणजे फ्रीज मेला. मग घरची मंडळी टोपी काढून बाजूला होत आणि नव्याची चौकशी सुरू करत.

त्याच्या घरी एक दुनळी बंदूक होती. ती बायकोच्या, म्हणजे लोरीनच्या माहेरून आलेली. लोरीनच्या क्लोव्हिसकाकांनी ती कधीकाळी एका डुकराच्या पिलाच्या बदल्यात घेतली, आणि तिचा घोडा मोडल्यावर कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकू म्हणून लावली. काका गेले, कोंबड्या गेल्या, खुराडं पडलं, टेकू उरला. तो आता व्हर्लिनच्या गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्रामागं उभा असे आणि यंत्र बाहेर काढताना नेमका त्याच्या पायावर पडे. एका शनिवारी अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, तेव्हा व्हर्लिननं बंदूक विकायचं ठरवलं.

"वीक की," लोरीन म्हणाली. "पण तो दांडका घेणार कोण?"

जुन्या बंदुकांचा लिलाव हल्ली घरबसल्या होतो. फोटो टाकायचा, चार ओळी लिहायच्या, आणि देशभरातली माणसं आपापल्या खुर्चीतून बोली लावतात. व्हर्लिननं लिहिलं: 'जुनी बंदूक. गंजलेली. उडत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू होती. नेणाऱ्यानं न्यावी.' आठवडाभरात एकही बोली आली नाही. (एका गृहस्थानं चौकशी केली, पण ती बंदुकीखाली अंथरलेल्या ताडपत्रीची होती.)

तेव्हा ड्वाइट प्रुइट मदतीला धावला. ड्वाइट हा व्हर्लिनचा जुना मित्र. आधी विमा विकायचा, आता बंदुका जमवायचा. त्याच्याकडे खोलीभर बंदुका होत्या आणि त्यातली एकही उडत नव्हती, यावरून त्याची योग्यता ध्यानात यावी. त्यानं जाहिरात वाचली आणि कॉफीचा कप खाली ठेवला.

"ही जाहिरात लिहिलीयस की पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट?"

"जे आहे ते लिहिलं."

"तिथंच घसरलास. खोटं लिहू नकोस, खोटं लिहिलं तर खातं बंद करतात. खरंच लिही. पण लेका, खऱ्यालासुद्धा इस्त्री करावी लागते."

मग त्यानं व्हर्लिनला त्या व्यवहाराचं व्याकरण समजावून दिलं. 'गंज' हा शब्द तिथं नाही. ती 'काळानं चढवलेली झळाळी'. (ही झळाळी कुणी घासून काढली तर निम्मी किंमत जाते आणि घासणाऱ्याच्या बायकोला सात पिढ्यांचे शाप लागतात.) 'मोडकी' नाही, 'प्रत्यक्ष वापरातली'. 'उडत नाही' नाही, 'घरात ठेवण्यास निर्धोक'. दस्त्याला भेग असेल तर तिला 'व्यक्तिमत्त्व' म्हणावं. आणि 'मला ठाऊक नाही' असं कधीही लिहू नये. 'जाणकारांनी स्वतः ठरवावं' असं लिहावं. ड्वाइटच्या खाजगी मोजणीनुसार दहापैकी नऊ माणसं बंदूक विकत घेतच नाहीत, गोष्ट विकत घेतात आणि बंदूक सोबत येते. एका जुन्या दरोडेखोराच्या कमरेची म्हणून आजवर जेवढी पिस्तुलं विकली गेली, तेवढी बांधून तो घोड्यावर बसला असता तर घोडाच बसला असता. तरी दर महिन्याला आणखी एक निघतं, आणि तेही खपतं.

दोघांनी मिळून नवी जाहिरात लिहिली: 'एकाच कुटुंबात जपलेली दुनळी. मूळ झळाळी, कुणाचाही हात न लागलेली. क्लोव्हिस बिंगमन यांच्या दाराशी ही अहोरात्र उभी होती. ती उभी असेतो त्या दारातून एकही चोर आत शिरला नाही. आतल्या जिवांना कधी इजा झाली नाही.'

व्हर्लिननं प्रत्येक वाक्य फ्रीजची तार तपासावी तसं तपासलं. एकही खोटं नव्हतं. उलट त्यालाच वाटलं की काहीतरी राहतंय.

"कोल्ह्याचं लिहू का? कोल्हा यायचा ना रोज. तोही परत फिरायचा."

ड्वाइट क्षणभर डोळे मिटून बसला. "लिही," तो हळूच म्हणाला. "कोल्हा कोण, ते लोक शोधतील."

लोकांनी शोधलं. दोन दिवसांत बोली चढायला लागली. टेक्सासचे निवृत्त न्यायाधीश होरेस टिलफर्ड यांनी विचारलं, की कोल्हा हे त्या भागातल्या एखाद्या कुख्यात इसमाचं टोपणनाव होतं काय. व्हर्लिननं सरळ उत्तर दिलं: 'चार पायांवर यायचा, साहेब.' न्यायाधीशांनी यावरून तो घोडेस्वार असल्याचा निष्कर्ष काढला आणि बोली दुप्पट केली. केंटकीतल्या एका अभ्यासकानं कोल्ह्याची टोळी किती जणांची असावी यावर मोठं टिपण लिहिलं. त्यावर दुसऱ्या अभ्यासकानं हरकत घेतली, आणि दोघांच्या भांडणातून कोल्ह्याला एक भाऊही मिळाला.

इथवर सगळं नियमाला धरून चाललं होतं. बिघडलं ते चर्चच्या सामुदायिक जेवणात.

ड्राय फोर्कमध्ये प्रत्येक घराण्याचा कुणी ना कुणी पूर्वज होता. कुणाचा लढाईत पडलेला, कुणाचा पूल बांधलेला, एकाचा तर दोन्ही केलेला. बिंगमन घराण्याकडे मात्र अंडी होती. शाळेत लोरीनला पोरी 'अंडी' म्हणूनच हाक मारायच्या, आणि त्या पोरी आता आज्या होऊन त्याच चर्चमध्ये बटाट्याचं सॅलड वाढत होत्या. पण तोवर क्लोव्हिस आणि कोल्ह्याची गोष्ट गावातही पोचली होती. त्या दिवशी पाद्र्यांच्या पत्नी आर्डिथबाईंनी आपल्या शेजारची खुर्ची ओढली.

"लोरीन, इथं बस. क्लोव्हिस तुझे सख्खेच काका ना गं? कधी बोलली नाहीस ती."

लोरीन घरी आली तेव्हा तिची मान वेगळीच होती.

"व्हर्लिन, बंदूक विकायची नाही."

"अगं, टेकू होता तो."

"काकांचे डोळे मला अजून आठवतात."

"काकांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं."

"तोच डोळा. करारी होता."

व्हर्लिननं लिलाववाल्यांना फोन लावला. त्यांनी आदरपूर्वक कळवलं, की बोली लागल्यावर वस्तू मागे घेता येत नाही. मालकाच्या काही भावना असल्यास त्या त्यानं लिलावाआधीच अनुभवून घ्यायला हव्या होत्या. लोरीननं ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोच्या गप्प बसण्याचा अर्थ व्हर्लिनला एकदाही लागला नव्हता. याही वेळी लागला नाही.

रविवारी दुपारी लिलाव संपायचा होता. व्हर्लिन बाहेरच्या खोलीत संगणकापुढं बसला. लोरीन आत फोन घेऊन पर्सिमन नावाच्या फळाच्या पुडिंगपाशी बसली होती. शेवटी दोघंच उरले: न्यायाधीश आणि कुणीतरी नवखा. न्यायाधीश शंभर डॉलर चढले की नवखा दीडशे चढे. व्हर्लिनला त्या नवख्याची कीव आली.

"अगं, वेडं आहे कुणीतरी," तो ओरडून म्हणाला. "साडेतीन हजारावर गेलं."

"जाऊ दे," आतून आवाज आला.

"याच्या घरी कुणी समजावणारं नाही का?"

"आहे. त्याला कळत नाही," आतून आवाज आला.

अखेर न्यायाधीश थांबले. विजेत्याचं नाव आणि पत्ता पडद्यावर आला. नाव होतं एल. बिंगमन. पत्ता व्हर्लिननं दोनदा वाचला, मग उठून दारावरचा नंबर पाहून आला.

"लोरीन, विकणाऱ्याला बोली लावता येत नाही. नियम आहे."

"विकणारा स्टोल्ट्झ आहे," लोरीन म्हणाली. "मी बिंगमन. माहेरचं माहेरी आलं."

रक्कम दोघांच्या सामाईक खात्यातून निघाली आणि दोघांच्या सामाईक खात्यात जमा झाली. वाटेत फक्त लिलाववाल्यांचं कमिशन गळलं. (ड्वाइट म्हणाला, यालाच अर्थव्यवस्था म्हणतात.) पण माल पाठवल्याची पावती दाखवेपर्यंत पैसे मधेच अडकून होते. म्हणून व्हर्लिननं बंदूक नीट गुंडाळली, कुरिअरच्या ऑफिसात नेली आणि आपल्याच घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला आला, तेव्हा दार व्हर्लिननंच उघडलं. पण पार्सल बिंगमनबाईंच्या नावे असल्यानं त्यानं ते त्याच्या हाती द्यायला नकार दिला. लोरीननं हात पुसत येऊन सही केली. नियमाप्रमाणे तिनं विक्रेत्याला अभिप्रायही दिला: पाचपैकी चार तारे, 'पॅकिंग उत्तम, माणूस सज्जन, पण हट्टी.'

बंदूक बाहेरच्या खोलीतल्या शेकोटीच्या वर, भिंतीवर लागली. आणि पंधरवड्यानं न्यायाधीश टिलफर्ड स्वतः गाडी हाकत टेक्सासहून आले. घ्यायला नाही, नुसतं पाहायला. ते हॅट छातीशी धरून बंदुकीपुढं उभे राहिले, आणि एवढा मोठा माणूस असा उभा पाहून व्हर्लिनला राहवलं नाही. लोरीन आत होती. त्यानं आवाज खाली आणला.

"जज्जसाहेब, एक सांगतो. ती खुराड्याला टेकू होती. कोंबड्यांच्या. कोल्हा म्हणजे खरोखरचा कोल्हा."

न्यायाधीशांनी त्याच्याकडे सावकाश पाहिलं.

"स्टोल्ट्झ, मी जन्मभर साक्षीदार पाहिले. इतक्या सरळ चेहऱ्यानं खोटं बोलणारा पाहिला नाही. मी मागणी घालीन या भीतीनं तुम्ही तिची किंमत पाडताय. तुमच्या जागी मीही हेच केलं असतं." एवढं बोलून त्यांनी जिंकलेल्या बोलीच्या दुप्पट रक्कम देऊ केली.

आयुष्यात पहिल्यांदाच व्हर्लिनचा शब्द कुणी मानला नव्हता, आणि तोही अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात खरा शब्द. त्याला एकदम खूप म्हातारं वाटलं. तेवढ्यात लोरीन पुडिंग घेऊन आली. काही विकायचं नाही, ती म्हणाली, पण बसा.

"बाईसाहेब, क्लोव्हिस माणूस म्हणून कसे होते?" न्यायाधीशांनी विचारलं.

लोरीननं विचार केला. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "फार बोलायचे नाहीत. सकाळी उठले की आधी त्या दाराशी जायचे. आतल्या सगळ्या सुखरूप आहेत ना, ते पाहायचे. मगच स्वतःची कॉफी."

"म्हणजे आत बायका होत्या?"

"बहुतेक सगळ्याच," लोरीन म्हणाली.

न्यायाधीशांनी रुमाल काढला. व्हर्लिननं बायकोकडे पाहिलं. आर्डिथबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसावं तशी ती ताठ बसली होती. त्यानं पुडिंगचं भांडं पुढं सरकवलं.

"आणखी घ्या, जज्जसाहेब," तो म्हणाला. "काकांबद्दल सांगायचं तर वेळ लागेल."

अमेरिकेतली माणसं भोळीच, असं म्हणून वाचक आता हसत असतील. हसावं. आपल्याकडे असले प्रकार होत नाहीत. तुमच्या दिवाणखान्यातली तलवार पणजोबांच्या पणजोबांनी थेट पानिपताहून आणलेली आहे, हे सगळ्या भावकीला मान्य आहे. त्या लढाईत आपला पराभव झाला होता आणि पळणारा माणूस सगळ्यात आधी तलवारच टाकतो, ही शंका फक्त तुमच्या धाकट्या जावयाला आली होती. आणि तो यंदा दिवाळसणाला दिसला नाही.