पुढून फिरून येणाऱ्या वन्सं

जवळ या जरा, अशा. आणि ते हसणं आधी बंद करा. सानपाड्याच्या ज्या बाई गाडीला रिव्हर्स घालत नाहीत म्हणून अख्खी सोसायटी खिदळते, आणि परवा तुम्हीही खिदळलात, त्या माझ्या सख्ख्या नणंदबाई आहेत. सुमनवन्सं. सगळं ऐकून घ्या, मग हसायचं तर हसा.

आता रिव्हर्स घालत नाहीत हे खरं आहे, नाही कशाला म्हणू? पार्किंगमध्ये त्यांनी आरपार जाणारी जागा धरलीय, एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर, गाडी कायम तोंड बाहेर करून उभी. कुणी आडवी गाडी लावली की वॉचमन ती हटवेपर्यंत या सीटवर बसून जप करणार. दुकान मागे राहिलं तर दोन पावलं मागे येणं नाही. "पुढून फिरून येऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा कोथिंबिरीचा गाडा चुकला म्हणून पुढून फिरायला गेल्या, त्यात आणखी एक वळण चुकलं, आणि आम्ही न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरवाल्या ट्रेलरांच्या रांगेत. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मध्ये आमची डबीएवढी गाडी. ड्रायव्हर लोक खिडकीतून वाकून बघत होते. वन्सं शांत. मला म्हणाल्या, "वहिनी, रस्ता छान आहे गं."

तर अशा या बाई एक दिवस माझ्याकडे सीवूड्सला आल्या आणि चप्पल काढता काढता विचारलं, पासपोर्ट कुठे ठेवलाय तुझा? ओमानच्या वाळवंटात बायकांची एक टूर जात होती. गाड्या फोर बाय फोर, चालवायच्या आपण. पुढच्या गाडीत तिथला वाटाड्या. रस्ता नाहीच, नुसती वाळू. आमचे हे म्हणाले, दोघींचा विमा काढा. पण खरं सांगते, मी तोवर कपाटावरची बॅग खाली काढलीसुद्धा होती.

वन्संचा मुलगा समीर पुण्याला असतो. मुलगा गुणी, पण काळजीखोर. आई एकटी गाडी हाकते म्हणून त्याला कायम टेन्शन. तो म्हणाला, जा, पण तिकडे गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावी लागली, तर आल्यावर इथली किल्ली माझ्याकडे द्यायची. वन्संनी मान डोलावली. नंतर मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "किल्ली गेली की मी संपले गं. मग फक्त सकाळ, दुपार, संध्याकाळ."

ते वाक्य मी बॅगेत घालूनच निघाले.

ओमानला आमचा वाटाड्या सालेम. पांढराशुभ्र झगा, मोडकंतोडकं हिंदी, हसरा मुलगा. गाडी बघितली आणि मी तोंडात बोट घातलं. चढायलाच पायरी! वन्संनी उशी मांडली, बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. सालेमने ते पाहिलं, धावत आला, लिंबू उचललं, झग्याला पुसलं आणि अदबीने पुढे केलं. "अम्मा, आपका नींबू गिर गया." वन्संनी घेतलं, आभार मानले, तो वळल्यावर पुन्हा ठेवलं. त्याने पुन्हा आणून दिलं. शेवटी मी त्याला बोलण्यात गुंतवलं तेव्हा कुठे लिंबू चिरडलं.

मग वाळू सुरू झाली. त्याने सगळ्या टायरांतली थोडी थोडी हवा काढली, वाळूत तसंच करतात म्हणे, तर वन्संचा जीव कासावीस. जन्मभर हवा भरून घेतलेली बाई! पण एकदा निघालो आणि काय सांगू. गाडी चालत नव्हती, पोहत होती. समोर नारिंगी डोंगर, चढलो की पुढे दुसरा, उतरताना पोट गळ्याशी. मी देवाचं नाव घेत होते की किंचाळत होते, माझं मलाच कळेना. आणि वन्सं? पदर खोचलेला, डोळे चमकतायत, गुणगुणतायत. सालेम वायरलेसवर म्हणाला, अम्मा एक नंबर. जेवणाला थांबलो तेव्हा तिखटमिठाच्या पुऱ्या सगळ्यांत आधी त्यानेच संपवल्या.

दुपारी सगळ्यांत उंच टेकडी आली. बाकीच्या गाड्या पलीकडे उतरल्या. आमची गाडी टोक अगदी हाताशी आल्यावर मान टाकून बसली. सालेमने सकाळीच बजावलं होतं, चढावर अडकलात तर गाडी वळवू नका, उलटेल. सरळ रिव्हर्समध्ये खाली या, आणि पुन्हा जोर घ्या.

रिव्हर्स. आणि वन्संचे हात स्टिअरिंगवर गोठलेले.

वायरलेस खरखरला. थांबा अम्मा, मी येतो, मी खाली आणून देतो. तो टोकावरून निघालेला दिसत होता. तो वन्संच्या सीटवर बसला की किल्ली गेली, हे आम्हा दोघींनाही ठाऊक.

मी म्हटलं, वन्सं, कॅमेरा आहे ना मागचं दाखवायला, त्यात बघा आणि घ्या. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"वहिनी, मागे कोणी उभं नाही गं."

मी आधी बावळटासारखं वळून बघितलं. मग कळलं. दाजींनी, म्हणजे वन्संच्या यजमानांनी, त्यांना गाडी शिकवली होती. रोज पार्किंगमध्ये ते मागे उभे राहायचे, येऊ दे, येऊ दे म्हणायचे, आणि नीट आली की डिकीवर दोनदा थाप मारायचे. दाजी गेले, आणि बाईंनी मागे जाणंच सोडलं. इतकी वर्षं आम्ही हसत होतो.

गाडीत दोन वायरलेस होते, त्यातला एक मी उचलला आणि दार उघडून उतरले. उतरले कसली, बसल्या बसल्याच घसरत गेले, साडीत अर्धं ओमान भरलं. सालेम वरून ओरडत होता, मागे नको, बाजूला उभ्या राहा. राहिले बाजूला. आणि बटण दाबून म्हटलं, "येऊ द्या वन्सं. मी आहे. येऊ द्या."

गाडी हलली. सरळ, रेघ मारल्यासारखी. येऊ द्या, येऊ द्या. खाली आली, थांबली. मी जाऊन डिकीवर दोनदा थाप मारली. आत बसले तेव्हा वन्सं डोळे पुसत होत्या, म्हणाल्या, धर घट्ट. आणि जी गाडी मारलीय म्हणता, टोक ओलांडताना चारही चाकं हवेत होती, मी शपथ घेऊन सांगते.

दुसऱ्या गाडीतल्या बाई सालेममागोमाग टोकावर चढून आल्या होत्या, त्यांनी वरून सगळं मोबाईलवर घेतलं होतं. घरी आल्यावर समीरने ते पाहिलं. पहिल्यांदा हसला. मग सालेमच्या वायरलेसवरचं माझं 'येऊ द्या' ऐकलं आणि परत लावून ऐकलं. किल्लीचा विषय न काढता पुण्याला गेला.

आता काय होतं माहितीये? संध्याकाळी आमच्या बिल्डिंगखाली हॉर्न वाजतो. मी खाली जाते. वन्सं म्हणतात, इकडूनच चालले होते, म्हटलं बघावं. सानपाड्याहून कुठेही जायला सीवूड्सची आमची गल्ली वाटेत लागत नाही. मी तसं म्हणत नाही. नुसती बाजूला बसते, आणि आम्ही कुठेही जात नाही, गाडीतच शेंगा खातो.

या, असं बोलवायला त्यांना जमत नाही, बाई मानी आहे. म्हणून मी सांगते, तुम्ही सानपाड्याला त्यांच्याकडे या. या रविवारीच या, फोनबिन करू नका. वाटेत होतो म्हणा.