रिसायकलिंगला न गेलेला हत्ती

अमेरिकन वर्तमानपत्रांतल्यासारखं राजकीय व्यंगचित्र काढणं फार सोपं असतं. हे मी ठामपणे सांगतो, कारण मी एक काढलंय! तिथले व्यंगचित्रकार हत्ती काढतात, तो एक पक्ष. गाढव काढतात, तो दुसरा. आणि कुणी ओळखायला चुकू नये म्हणून लग्नातल्या भांड्यांसारखी पोटावर नावं घालतात!

लंडनमधल्या आमच्या हाउन्सलोच्या मराठी मंडळाचं छापील वार्तापत्र अध्यक्ष दीनानाथकाका बंद करायला निघाले होते. "लोक पाकीट न फोडताच रिसायकलिंगमध्ये टाकतात. व्हॉट्सॲप आहे की!" गणपतीचा अंक शेवटचा. संपादक ऋजुता, म्हणजे माझी मैत्रीण, रडकुंडीला आली होती.

"रडू नकोस. एका चित्रात काकांना आडवं करतो!"

काढला हत्ती. म्हणजे काका. वार्तापत्रांच्या गठ्ठ्यावर ठाण मांडून बसलेला, ढेरी सुटलेली, उजव्या हातातल्या बटाटेवड्याकडे सोंड वळलेली. पायाशी चेंगरलेलं गाढव. म्हणजे वाचक.

"पोटावर काकांचं नाव नको," ऋजुता म्हणाली. "मराठी वाचक हुशार असतो. कळेल त्याला."

खोडलं.

अंक घरोघरी पोचला आणि काकांचा फोन आला. मी उभं राहूनच घेतला.

"अरे, डोळ्यांत पाणी आणलंस! बाप्पा साक्षात वार्तापत्रावर विराजमान! आणि मी करंटा ते बंद करायला निघालो होतो!"

"काका, तो हत्ती म्हणजे..."

"लाजू नकोस रे! फक्त उंदीर जरा मोठा झालाय."

तेवढ्यात मागून अरुणाकाकू ओरडल्या, "अहो, सोंड बघितलीत का? उजवी आहे!"

डोक्यावरून हीथ्रोला उतरणारं विमानसुद्धा चपला काढून गेल्यासारखं वाटलं.

उजव्या सोंडेचा म्हणजे कडक! सोवळंओवळं आलं! दुपारपर्यंत अख्खं हाउन्सलो मला फोन करत होतं. फ्रिजवर मॅग्नेटने लावला तर चालेल का? चित्राला नैवेद्य लागतो का? वैभवीवहिनींनी सवयीने अंक रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकला होता. त्या गाऊनवरच कौन्सिलच्या कचरागाडीमागे धावल्या, "एक्सक्यूज मी! आमचा गॉड आत आहे!"

मी ऋजुताला म्हटलं, "खरं सांगून टाकतो."

"तोंड उघडलंस तर बघ! पहिल्यांदाच कुणी अंक फेकला नाहीये."

झालं. वार्तापत्र चालू ठेवायचं असं मंडळाने एकमताने ठरवलं, आणि दर अंकात माझं चित्र! ऋजुताने मला अख्खा केक खाऊ घातला. थोडक्यात, संपादकीय व्यंगचित्राची ताकद आपण मानली पाहिजे. ती नेमकी कुठून येते ते विचारू नका.

काल काकांचा पुन्हा फोन. "या वेळी बाप्पा नको रे बाबा. सोवळं सांभाळून काकू दमली. साधं काहीतरी काढ."

"काय काढू?"

काका जरा घुटमळले. "मलाच काढ की! गठ्ठ्यावर बसलेला वगैरे. फक्त पोटावर नाव लिही हं, नाहीतर लोक ओळखायचे नाहीत."

मी जुनंच चित्र घेतलं आणि सोंड खोडली.